पट्टा बदलला, सील राहिले

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका छोट्या वस्तूची गोष्ट सांगणार आहे. वस्तू एवढी छोटी, की बांगडीच्या आत बसेल. किंमत शे-दोनशे रुपये. पण ती वेळेवर बदलली नाही म्हणून आमच्या घराला बेचाळीस हजार रुपयांचा खड्डा पडला. आणि दहावीच्या चार मुलांचा पेपर बुडता बुडता वाचला.

चूक कोणाची? मिस्त्रीची नव्हती. गाडीची नव्हती. चूक माझी होती. म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

त्या वस्तूचे नाव ऑइल सील.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "आमच्या दारात फार तर फटफटी. मोटारीच्या इंजिनाशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. आज बहुतेक गावांत दोन-चार मोटारी असतात. त्यांत बसून तुम्ही बाजाराला जाता, दवाखान्यात जाता, लेकीला माहेरी आणायला जाता. कुणाच्या मुलाने कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली असते. तिच्यावर त्याचे घर चालते. गाडी अडली की चूल अडते.

माझा पुतण्या असाच. जावळी तालुक्यात, मेढ्यापासून चौदा किलोमीटर आत आमचे गाव. पुतण्याने २०१६ साली एक जुनी डिझेल मोटार घेतली आणि वडाप सुरू केले. सकाळी मेढा, दुपारी सातारा, संध्याकाळी परत. २०१८ साली, दिवाळीच्या आधी, गाडीचा काटा बहात्तर हजार किलोमीटरवर गेला. पुतण्या गाडी मिस्त्रीकडे घेऊन निघाला. मीही बरोबर गेलो.

मिस्त्रीने गाडी पाहिली आणि म्हणाला, "टायमिंग पट्ट्याची वेळ झाली." मग त्याने एका कागदावर खर्च लिहून दिला. तो कागद मला अजून पाठ आहे.

टायमिंग पट्टा आणि टेन्शनर, ३००० रुपये.
मजुरी, १८०० रुपये.
क्रँकचे सील एक, कॅमचे सील एक, ३४० रुपये.
सिले बसवण्याची मजुरी, २०० रुपये.

मी कागद वाचला. पहिल्या दोन ओळींना मान डोलावली. तिसऱ्या ओळीवर थांबलो.

"ही सिले गळतात का?" मी विचारले.

"गळत नाहीत गुरुजी. जरासा ओलावा दिसतोय. पण सगळं उघडतोयच, तर टाकून घेऊ."

"गळत नाहीत ना? मग चांगली वस्तू काढून फेकायची कशाला?"

पुतण्या हळूच म्हणाला, "तात्या, टाकू दे की. पाचशे रुपयांनी काय होतंय?"

"पाचशे रुपये झाडाला लागतात का?" मी म्हणालो. जन्मभर वह्या तपासल्या. खिशात लाल पेन होतेच. ते काढले आणि शेवटच्या दोन ओळी खोडून टाकल्या. मिस्त्री काही बोलला नाही. मला वाटले, याची लबाडी मी पकडली. ५४० रुपये वाचवले म्हणून येताना मला मोठा आनंद झाला.

आता पुढची गोष्ट कळण्यासाठी हा पट्टा काय काम करतो आणि हे सील काय काम करते, ते आधी समजून घेऊ.

गिरणीचा पट्टा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. मोटर फिरते, पट्टा फिरतो, पट्ट्याने जाते फिरते. तो पट्टा जरा घसरला तर पीठ उशिरा पडते. फार मोठे नुकसान होत नाही.

मोटारीच्या इंजिनातला टायमिंग पट्टा निराळा. त्याला आतल्या बाजूने दात असतात. हे दात दातेरी चाकांत बसतात. खाली एक दांडा असतो, त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होतात आणि या दांड्याला फिरवतात. वर दुसरा दांडा असतो, तो कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडतो. झडपा म्हणजे इंजिनाची दारे. एका दाराने हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. खालचा दांडा दोन फेरे घेतो तेवढ्यात वरच्याने बरोबर एक फेरा घ्यायचा. कमी नाही, जास्त नाही. हा हिशेब टायमिंग पट्टा सांभाळतो.

थोडे गणित करू. गाडी रस्त्यावर चांगली पळते आहे. समजा, खालचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. मग वरचा घेईल १५०० फेरे. मिनिटाचे सेकंद साठ. १५०० ला ६० ने भागा. उत्तर २५. म्हणजे एका सेकंदात प्रत्येक झडप पंचवीस वेळा उघडते आणि पंचवीस वेळा मिटते. पुष्कळ इंजिनांत झडप जिथे उतरते त्याच जागेत पिस्टनही वर येतो. फक्त दोघांच्या वेळा वेगळ्या. पिस्टन वर येईपर्यंत झडप मागे सरलेली असते. पट्टा तुटला किंवा त्याचे दात गेले, तर वरचा दांडा जागच्या जागी थांबतो. झडप उघडीच राहते. खालून पिस्टन येतो आणि तिच्यावर आदळतो. झडप वाकते. काही इंजिनांत दोघांमध्ये अंतर ठेवलेले असते. तिथे गाडी नुसती बंद पडते. पण आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे, हे माहीत नसताना पैज लावू नये.

पूर्वी या कामाला लोखंडी साखळी किंवा दातेरी चाके असत. १९६२ साली जर्मनीतील ग्लास नावाच्या कारखान्याच्या मोटारीत रबरी दातेरी पट्टा आला, आणि पुढे तो पुष्कळ गाड्यांत रूढ झाला. हा पट्टा हलका असतो, आवाज करीत नाही. तो नुसत्या रबराचा नसतो. आत काचेच्या बारीक तंतूंचे दोर असतात, दातांवर कापडाचे अस्तर असते. त्याला तेल लागत नाही. उलट तेल म्हणजे त्याचा वैरी. तेल लागले की रबर फुगते, मऊ पडते, दात सुटू लागतात.

आणि गंमत अशी, की या पट्ट्याच्या अगदी पाठीमागे, बोटभर अंतरावर, इंजिनातले तेल असते. मध्ये फक्त सील.

आता सील म्हणजे काय ते पाहू. भांड्याला भोक आहे. भोकातून दांडा बाहेर आला आहे. दांडा गरगर फिरतो आहे. आत तेल आहे. तेलाचा थेंब बाहेर येता कामा नये, आणि दांडा अडता कामा नये. हे कसे साधायचे?

शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड-दोरी तुम्ही बदलली असेल. पंपाचा दांडा फिरतो आणि पाणी गळू नये म्हणून दोरी भरतात. हापशाच्या नळातला वाटीसारखा वायसरही तुम्ही पाहिला असेल. तो पूर्वी चामड्याचा असे. मोटारीची सिलेही आधी चामड्याचीच होती. जर्मनीत वाइनहाइम या गावी फ्रॉइडेनबर्ग यांचा चामडे कमावण्याचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास त्यांनी चामड्याची सिले करायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांत चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले. म्हणजे आपला मोटेचा चांभार आणि तो जर्मन कारखानदार, दोघे एकाच प्रश्नाशी झगडत होते.

आजचे सील असे असते. बाहेरून पोलादी कडे, त्यावर रबर. आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ. ओठाभोवती केसासारख्या तारेची बारीक गोल स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. दांडा ओठाखाली फिरत राहतो आणि तेल आत अडून राहते.

सिलावर बहुधा तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ३५, ५०, ८. पहिला आकडा दांड्याची जाडी, दुसरा भोकाची रुंदी, तिसरा सिलाची जाडी. सगळी मापे मिलिमीटरमध्ये. तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. जुन्या आणि नव्या सिलावरचे आकडे पुढे-मागे धरून वाचा. एवढे जुळले की निम्मी फसवणूक टळली.

हा रबराचा ओठ रात्रंदिवस गरम तेलात असतो. उन्हाने चपलेचा पट्टा कसा कडक होतो, तसा तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतो. दांड्यावर घासून झिजतो. कधी कधी दांड्यावरही केसाएवढी चरी पडते. मग आधी ओलावा येतो. त्यावर धूळ बसते. नंतर थेंब येतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. ती गळतीलाही लागू आहे.

आता आमच्या गाडीकडे वळू.

नवा पट्टा बसला. गाडी छान चालू लागली. पुतण्या रोज शंभर किलोमीटर जात होता. चार महिने गेले. त्या काळात तो दोनदा म्हणाला, "तात्या, ऑइल जरा कमी होतंय. इंजिनातून करपट वासही येतो." मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, व्हायचंच." पट्ट्यावर प्लॅस्टिकचे झाकण असते. त्याच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून दिसत नव्हते.

२०१९ चा मार्च उजाडला. दहावीची परीक्षा चालू होती. गावातल्या चार मुलांना पुतण्या रोज मेढ्याच्या केंद्रावर सोडत असे. त्या दिवशी गणिताचा पेपर होता, अकराचा. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. मागे दोन मुली, दोन मुलगे, मांडीवर कंपासपेट्या.

अर्धा रस्ता गेला असेल. एकदम 'खट्' असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. पुतण्याने गाडी कडेला घेतली. चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण नेहमीसारखा नाही. रिकाम्या रहाटासारखा सैल फिरला. त्याने पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. धावते इंजिन असे एकाएकी बंद पडले आणि स्टार्टर सैल फिरू लागला, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका. जे वाकायचे राहिले असेल ते त्याने वाकते. हे आम्हांला त्या दिवशी माहीत नव्हते.

घड्याळात सव्वादहा झाले होते. रस्ता मोकळा. वडापची दुसरी गाडी आमच्या आधीच गेली होती. मागच्या मुलीने विचारले, "गुरुजी, आपण पोचू ना?"

मी हजारो मुलांना परीक्षेला बसवले. पण त्या मुलीला काय उत्तर द्यावे, ते मला सुचेना.

वीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर भला माणूस. त्याने कॅन सरकवून चारही मुलांना मागे घेतले. अकराला दहा मिनिटे कमी असताना मुले केंद्रावर पोचली. पण हात थरथरत असताना मुलाने गणित कसे सोडवायचे? या प्रश्नाचा भुंगा मला पुष्कळ दिवस लागला होता.

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. त्याने झाकण काढले. आत सगळे काळ्या तेलाने माखले होते. पट्टा नवा, चार महिन्यांचा, पण भिजून पापडासारखा फुगला होता. वीतभर जागेतले दात सोलून निघाले होते.

"पट्टा खराब निघाला का?" मी विचारले.

"नाही गुरुजी. पट्टा चांगला होता. क्रँकच्या सिलानं तेल सोडलं. तेल पट्ट्यावर पडत राहिलं."

मग त्याने बिलांची फाइल काढली. पट्टा किती किलोमीटरवर बदलला ते त्याला पाहायचे होते. पान उलटता उलटता माझा जुना कागद वर आला. दोन ओळींवर लाल रेघा. त्याने किलोमीटरचा आकडा वाचला आणि फाइल मिटली. एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर मला कमी लागले असते.

इंजिनाचे हेड उतरवावे लागले. आठ झडपांपैकी सहा वाकल्या होत्या. सगळा खर्च झाला ४२,००० रुपये. गाडी १९ दिवस उभी राहिली. तेवढे दिवस कमाई नाही, पण बँकेचा हप्ता चालूच. सूनबाईने बचत गटातून पंधरा हजार उचलले. मला तिने कधी बोलून दाखवले नाही.

घरी आलो आणि पाटीवर मांडतात तसे मांडले. मी वाचवले ५४० रुपये. घालवले ४२,००० रुपये. ४२,००० ला ५४० ने भागले. उत्तर सुमारे ७८. म्हणजे एक रुपया वाचवायला मी अठ्ठ्याहत्तर रुपये दिले. कोणत्या सावकाराने असे व्याज लावले असते?

गाडी दुरुस्त होत होती तेव्हा मी रोज जाऊन मिस्त्रीपाशी बसलो. या वेळी लाल पेन घरी ठेवले. विद्यार्थी होऊन गेलो. तो जे शिकवत गेला, ते आता तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट. खर्च वस्तूचा नसतो, वस्तूपर्यंत पोचण्याचा असतो. सील दीडशे रुपयांचे. पण तिथे पोचायला पुढचे पट्टे सोडायचे, खालची मोठी पुली काढायची, झाकणे काढायची, टायमिंग पट्टा उतरवायचा. हीच अठराशे रुपयांची मजुरी. पट्टा बदलताना हे सगळे उघडलेलेच असते. सील समोर दिसत असते. तेव्हा बदलले तर थोडकी मजुरी वाढते. नंतर बदलायचे तर सगळी मजुरी पुन्हा, आणि तेल लागलेला पट्टाही नवा घ्यायचा.

आपण पावसाळ्यापूर्वी कौले चाळतो. कौले उतरवली की शहाणा माणूस खालच्या रिपा बघून घेतो. एखादी किडकी रीप दिसली तर तिथल्या तिथे बदलतो. "अजून मोडली नाही" म्हणून तशीच ठेवून वर कौले रचतो का? ऐन आषाढात ती मोडली तर पुन्हा सगळी कौले उतरवावी लागतात, आणि तोवर घरात पाणी. मी नेमके हेच केले होते.

दुसरी गोष्ट. "अजून गळत नाही" हे उत्तर पुरेसे नाही. जुन्या सिलाने बहात्तर हजार किलोमीटर काढले होते. नव्या पट्ट्याबरोबर त्याने आणखी तेवढेच काढावे, अशी माझी अपेक्षा होती. तरुण बैलाच्या जोडीला थकलेला बैल जुंपला, तर औत कोणाच्या चालीने चालणार?

तिसरी गोष्ट. अशी सिले किती असतात? क्रँकशाफ्टचे पुढचे एक. कॅमशाफ्ट एक असेल तर त्याचे एक, दोन असतील तर दोन. काही इंजिनांत पट्ट्यावर चालणारा आणखी एखादा दांडा असतो, त्याचेही एक. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकालाही सील असते, पण ते क्लचच्या बाजूला. त्याचा या कामाशी संबंध नाही. ते गिअरबॉक्स उतरवतात तेव्हा बघायचे. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर मात्र याच वेळी बदलावा. आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. तिथे तोही याच वेळी तपासून घ्यावा.

चौथी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. सील नुसते नवे असून भागत नाही. ते नीट बसवावे लागते. वाईट बसवलेल्या नव्या सिलापेक्षा जुने कोरडे सील परवडले. म्हणून काही चांगले मिस्त्री सील अगदी कोरडे आणि मऊ दिसले तर त्याला हात लावत नाहीत. तेही खोटे नाही. पण ओलावा दिसला, की वाद संपला.

नीट बसवणे म्हणजे काय? जुने सील उपटताना दांड्यावर ओरखडा येऊ द्यायचा नाही. स्क्रू-ड्रायव्हर दांड्यावर टेकवून जोर केला तर ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यातून नवे सीलही गळते. जागा स्वच्छ पुसायची. दांड्यावर चरी पडली असेल तर बोटाचे नख फिरवून बघायचे. जागा असेल तर नवे सील थोडे पुढे-मागे बसवतात, म्हणजे ओठ नव्या जागेवर टेकतो. रबरी सिलाच्या ओठाला आधी तेलाचे बोट लावायचे. कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो. टेफ्लॉनची काही सिले मात्र कोरडीच बसवायची असतात. पाकिटावर तसे लिहिलेले असते, ते वाचायचे. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. सिलावर बाण असेल तर दांडा फिरतो ती दिशा आणि बाण जुळले पाहिजेत. एका बाजूला हातोडी मारून सील ठोकायचे नाही. सिलाच्या रुंदीचा नळीचा तुकडा लावून सगळीकडून सारखे दाबायचे.

पाचवी गोष्ट. सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर दोष सिलाचा नसेलही. इंजिनाला श्वासाची एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती काजळीने तुंबली की इंजिनात वाफेचा दाब वाढतो, आणि तो सिलातून तेल बाहेर ढकलतो. झाकण घट्ट लावलेल्या भाताच्या पातेल्यासारखे. म्हणून नवी सिले टाकताना ही नळी साफ करून घ्यावी.

सहावी गोष्ट. तेल लागलेला पट्टा पेट्रोलने धुऊन परत वापरू नये. तेल रबराच्या आत मुरलेले असते. तो फेकूनच द्यावा.

सातवी गोष्ट. सगळे जोडल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. खालचा दांडा पान्याने हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवायचा. मग चाकांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळतात का ते पाहायचे. जुळल्या तरच चावी. चांगला मिस्त्री हे केल्याशिवाय गाडी सुरू करीत नाही. तुम्ही शेजारी उभे राहा आणि पाहा.

हे काम घरी करू नका. यात एका दाताची चूक इंजिन घालवते. तुम्ही करायचे ते एवढेच, नीट विचारायचे आणि नीट वाचायचे. आता वह्या उघडा आणि पुढची वाक्ये लिहून घ्या.

१. माझ्या गाडीत टायमिंग पट्टा आहे की साखळी, ते मी विचारीन. (आता पुष्कळ गाड्यांत साखळी असते. काही नव्या इंजिनांत तेलातच चालणारा खास पट्टाही असतो. त्याचे नियम वेगळे.)
२. पट्टा किती किलोमीटरवर किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते मी गाडीच्या पुस्तकात बघीन. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरीन.
३. पट्टा बदलला की तारीख आणि किलोमीटर वहीत लिहीन.
४. त्याच वेळी सिले, टेन्शनर आणि पाण्याचा पंप तपासायला सांगीन.
५. काढलेले जुने सामान मागून घेईन आणि स्वतः बघीन.
६. ऑइल कमी झाले, करपट वास आला किंवा गाडीखाली डाग दिसला, तर त्याच आठवड्यात दाखवीन.
७. हजार किलोमीटर झाल्यावर एकदा झाकणाखाली ओलावा आहे का, ते तपासून घेईन.

आता शेवटचे सांगतो.

मी मॅट्रिक झालेला माणूस. उभा जन्म शाळेत गेला. त्या कागदावरचे प्रत्येक अक्षर मला वाचता येत होते. 'क्रँकचे सील एक, कॅमचे सील एक.' अक्षरे वाचता आली, पण ओळ कळली नाही. कळली नाही तेव्हा मी विचारायला हवे होते, "बाबा रे, हे काय असते? का बदलायचे? नाही बदलले तर काय होईल?" तीन प्रश्न. दोन मिनिटांचे काम. पण गुरुजीने मिस्त्रीला प्रश्न विचारायचे म्हणजे कमीपणा, असे मला वाटले. म्हणून मी संशय घेतला आणि ओळ खोडली.

मिस्त्री सांगेल ते डोळे मिटून ऐका, असेही मी म्हणत नाही. लबाड माणसे सगळ्या धंद्यांत असतात. पण लबाडाला ओळखण्याचा उपाय संशय नव्हे. विचारणे हा उपाय आहे. जो खरा असतो तो वस्तू हातात देऊन दाखवतो. जो खोटा असतो तो चिडतो.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. उद्या तुमच्या हातात कागद येतील. गाडीचे बिल येईल, दवाखान्याची चिठ्ठी येईल, बँकेचा कागद येईल, सात-बारा येईल. त्यांत न कळणारी एखादी ओळ असेलच. ती ओळ खोडू नका. तिच्यावर डोळे मिटून अंगठाही उठवू नका. बोट ठेवा आणि विचारा, "हे काय आहे?" विचारायला लाज वाटली तर माझी गोष्ट आठवा.

२०२३ साली त्याच गाडीचा पट्टा पुन्हा बदलायला आला. मिस्त्री तोच. त्याने कागदावर तशाच ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. मी खिशातून लाल पेन काढले. मिस्त्री आणि पुतण्या माझ्या हाताकडे बघू लागले. मी सिलांच्या ओळीपुढे 'बरोबर' अशी खूण केली आणि कागद परत दिला.

मिस्त्री हसला. म्हणाला, "गुरुजी, पास झालात."